सगळ्यांनी ऐकलेलं, थोड्यांनी जपलेलं : वाद्यवृंदाच्या हलक्याफुलक्या संगीताची ओळख



वर्गात गाणं लावलं की मुलं सगळ्यात आधी शब्द शोधतात. शब्द सापडले की लगेच सोबत गायला लागतात. पण नुसती वाद्यं वाजणारी धून लावली की दोन मिनिटांत कुणीतरी विचारतंच, "मॅडम, गाणं कधी सुरू होणार?"

मुलांचा यात काही दोष नाही. शब्दांशिवायचं संगीत त्यांच्या कानावर पडतं ते कार्टूनमागे, जाहिरातीमागे किंवा मोबाईलच्या गेममागे. म्हणजे ते कायम कशाच्या तरी 'मागे' असतं. ते पुढे आणून ऐकायचं असतं, हे आपण त्यांना सांगतच नाही.

म्हणून आज एका अशा संगीताबद्दल लिहिते आहे, जे मुद्दाम 'मागे वाजण्यासाठी' तयार झालं, कोट्यवधी लोकांनी रोज ऐकलं आणि तरीही हरवता हरवता वाचलं. इंग्रजीत त्याला 'लाइट म्युझिक' म्हणतात. ते काय आहे, कुठून आलं, तबकड्यांवर कसं टिकलं आणि प्राथमिकच्या वर्गात त्याचा उपयोग कसा करता येईल, हे क्रमाने पाहू.

लाइट म्युझिक म्हणजे नेमकं काय?

आधी शब्दांचा घोळ दूर करू. आकाशवाणीवर आपण 'सुगम संगीत' ऐकतो. त्यालाही इंग्रजीत 'लाइट म्युझिक'च म्हणतात. पण आपलं सुगम संगीत म्हणजे भावगीत, भक्तिगीत, गझल. तिथे शब्द आणि गायक महत्त्वाचे. दुसरा शब्द 'ऑर्केस्ट्रा'. आपल्या गावात ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणपतीतला सिनेगीतांचा रंगमंचीय कार्यक्रम डोळ्यांपुढे येतो.

या लेखातला ऑर्केस्ट्रा म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीचा वाद्यवृंद. त्यात व्हायोलिनचा मोठा ताफा, चेलो, बासरी, क्लॅरिनेट, ट्रम्पेट, ढोल-झांजा असतात. असा वाद्यवृंद दोन प्रकारचं संगीत वाजवतो. एक म्हणजे सिम्फनीसारखं गंभीर आणि दीर्घ संगीत. एक सिम्फनी सहज अर्धा-पाऊण तास चालते आणि ती शांत बसून ऐकावी लागते. दुसरं म्हणजे लाइट म्युझिक. त्याची ओळख अशी :

- रचना लहान, बहुतेक वेळा तीन ते पाच मिनिटांची.
- चाल लगेच लक्षात राहणारी, गुणगुणता येईल अशी.
- विषय साधा : घड्याळ, बाजार, समुद्रकिनारा, घसरगाडी, मांजर.
- ऐकणाऱ्याला संगीताचं शिक्षण लागत नाही.

'लाइट' म्हणजे सोपं, असं मात्र समजू नका. ऐकायला सोपं असलं तरी लिहायला आणि वाजवायला ते अवघड असतं. बालसाहित्याचं जसं आहे ना, अगदी तसंच! लहान गोष्ट लिहायला मोठा लेखक लागतो.

ही परंपरा कुठून आली?

एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरात स्ट्राउस घराण्याचे वाद्यवृंद नाचघरांत आणि बागांत वाजत. थोरल्या योहान स्ट्राउसने १८४८ मध्ये 'राडेट्झ्की मार्च' लिहिला. त्याच नावाच्या त्याच्या मुलाची 'ब्लू डॅन्यूब' ही नाचाची रचना १८६७ मध्ये पहिल्यांदा वाजली. आजही दर १ जानेवारीला व्हिएन्नात नववर्षाची मैफल होते आणि ती जगभर दूरदर्शनवर दाखवली जाते. आपल्या मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहता यांनी या मैफलीचं पाच वेळा संचालन केलं आहे. मुलांना हे जरूर सांगा, कान लगेच टवकारतात.

इंग्लंडमध्ये ही परंपरा समुद्रकिनाऱ्यावर वाढली. सुट्टीसाठी येणाऱ्या लोकांसाठी किनाऱ्यावरच्या गावांनी स्वतःचे वाद्यवृंद ठेवले. बोर्नमथ गावाच्या नगरपालिकेने १८९३ मध्ये डॅन गॉडफ्री याच्या हाताखाली असा वाद्यवृंद सुरू केला. आज तो बोर्नमथ सिम्फनी ऑर्केस्ट्रा म्हणून मोठ्या दर्जाचा मानला जातो. मोठ्या हॉटेलांत चहाच्या वेळी आठ-दहा वादक वाजवत, ती आणखी एक शाखा.

तिसरी जागा म्हणजे सिनेमागृह. मूकपटांच्या काळात पडद्यासमोर वादक बसत आणि दृश्याप्रमाणे संगीत वाजवत. डेन्मार्कच्या याकोब गाडे याने १९२५ मध्ये कोपनहेगनच्या सिनेमागृहात अशाच एका मूकपटासाठी 'जॅलसी' नावाची टँगो धून लिहिली. पुढे अमेरिकेत आर्थर फीडलरच्या बोस्टन पॉप्स वाद्यवृंदाने तिचं ध्वनिमुद्रण केलं आणि त्याचा प्रचंड खप झाला. या एका धुनेच्या मानधनातून तरुण संगीतकारांना मदत करणारा निधी उभा राहिला. बोलपट आल्यावर मात्र सिनेमागृहांतल्या हजारो वादकांचं काम गेलं. संगीत टिकलं, पण त्याची जागा बदलली. ते तबकडीवर आणि रेडिओवर गेलं.

तीन मिनिटांचा नियम कुणी केला?

लाइट म्युझिकच्या इतक्या रचना तीन-चार मिनिटांच्याच का, हा प्रश्न मुलांना विचारून पाहा. उत्तर मजेदार आहे, कारण ते संगीतात नसून तबकडीत आहे.

जुनी ग्रामोफोनची तबकडी मिनिटाला ७८ फेरे फिरायची. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटं मावत, बारा इंचीवर चारहून थोडी जास्त. सिम्फनी ऐकायची तर चार-पाच तबकड्या पुन्हा पुन्हा उलटाव्या लागत. लाइट म्युझिकची एक रचना मात्र एका बाजूवर नेमकी बसायची. आधीच लहान असलेला हा प्रकार तबकडीसाठी जणू बेतूनच शिवलेला होता, आणि मग संगीतकारही तबकडीच्या मापाने लिहू लागले.

१९२५ पर्यंत ध्वनिमुद्रण मायक्रोफोनशिवाय व्हायचं. वादक एका मोठ्या कर्ण्यासमोर दाटीवाटीने बसत. व्हायोलिनचा नाजूक आवाज कर्ण्याला नीट पकडता येत नसे, खर्जाच्या तारवाद्यांऐवजी ट्यूबासारखं फुंकून वाजवायचं वाद्य घेत. १९२५ मध्ये मायक्रोफोनने विद्युत ध्वनिमुद्रण सुरू झालं आणि वाद्यवृंद खऱ्या अर्थाने तबकडीवर उतरला.

विज्ञान आणि परिसर अभ्यासाशी जोडता येईल अशी एक गोष्ट इथे सांगते. या तबकड्यांमध्ये मुख्य चिकट घटक होता शेलॅक, म्हणजे आपली लाख! झाडांवरच्या लाखेच्या किड्यांपासून मिळणारी, बांगड्यांत आणि मोहोरेत वापरतात तीच. जगाला लाख पुरवणारा मुख्य देश होता भारत. म्हणजे लंडनमधली धून तिथल्या घरोघरी पोचायची ती आपल्याकडच्या जंगलातल्या किड्याच्या मदतीने. दुसऱ्या महायुद्धात लाखेचा तुटवडा पडला तेव्हा नव्या तबकड्या बनवण्यासाठी लोकांकडून जुन्या गोळा केल्या गेल्या. त्या दळून, वितळवून पुन्हा वापरल्या. त्यात किती संगीत विरघळून गेलं असेल, विचार करा.

रेडिओ : काम करता करता ऐकायचं संगीत

इंग्लंडमधल्या लाइट म्युझिकमधलं सर्वांत मोठं नाव एरिक कोट्स (१८८६–१९५७). हा मूळचा व्हायोला वादक. १९३३ मध्ये बीबीसीने एका नव्या कार्यक्रमाची सुरुवात त्याच्या 'नाइट्सब्रिज मार्च'ने केली आणि 'ही धून कोणती?' असं विचारणारी हजारो पत्रं आली. कार्यक्रमाच्या आधी वाजणारी ओळखधून किती ताकदीची असते, हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

त्याचीच 'बाय द स्लीपी लगून' ही १९३० ची रचना. ती १९४२ पासून बीबीसीच्या 'डेझर्ट आयलंड डिस्क्स' या कार्यक्रमाची ओळखधून आहे. ऐकताना नारळाची झाडं आणि उष्ण प्रदेशातलं बेट डोळ्यांपुढे येतं. प्रत्यक्षात कोट्सला ती सुचली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, सेल्सी गावातून समुद्राकडे पाहताना. ऐकणारा स्वतःचं चित्र स्वतः रंगवतो, हे मुलांना पटवायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

२३ जून १९४० रोजी बीबीसीने 'म्युझिक व्हाइल यू वर्क', म्हणजे 'काम करताना संगीत', हा कार्यक्रम सुरू केला. महायुद्ध चालू होतं. कारखान्यांत बायका आणि पुरुष तासन् तास तेच ते काम करत होते. त्यांच्यासाठी सकाळी आणि दुपारी अर्धा-अर्धा तास, पुढे रात्रपाळीसाठी आणखी एकदा, लाउडस्पीकरवर संगीत लागू लागलं. ओळखधून कोट्सचीच, 'कॉलिंग ऑल वर्कर्स'. रेड क्रॉसच्या केंद्रात काम करणाऱ्या त्याच्या पत्नीच्या सांगण्यावरून ती लिहिली गेली.

या कार्यक्रमाचे नियम पाहण्यासारखे आहेत :

- मध्ये निवेदन नाही. एका धुनेतून थेट दुसरी.
- आवाज एकसारखा. हळू भाग यंत्रांच्या आवाजात बुडून जातो, म्हणून तो टाळायचा.
- चाल ठळक हवी, लय स्थिर हवी.
- फार झोप आणणारं नको, काम बिघडवणारं तर नकोच.

शेवटच्या नियमाचं एक गमतीदार उदाहरण आहे. 'डीप इन द हार्ट ऑफ टेक्सस' या गाण्यात ठरावीक जागी टाळ्या आहेत. ते लागलं की कामगार टाळ्या वाजवायला हातातलं काम सोडतील किंवा हत्यारं आपटतील, म्हणून त्या कार्यक्रमातून ते गाणं वर्ज्य केलं गेलं!

यावर थोडं थांबून विचार करू. हे संगीत 'लक्ष देऊ नका' असं सांगूनच वाजवलं जात होतं. तरी ते वाजवणारे उत्तम वादक होते आणि लिहिणारे उत्तम संगीतकार. जातं ओढताना ओव्या आणि पेरणी-लावणीच्या वेळी गाणी आपल्याकडेही होती, तिथेही कष्ट हलके करायचं काम संगीतच करत होतं. फरक एवढाच की जात्यावर गाणारी बाई स्वतः गात होती, कारखान्यातली बाई लाउडस्पीकरचं ऐकत होती.

धबधब्यासारखी व्हायोलिनं : एक छोटा प्रयोग

व्हेनिसमध्ये जन्मलेला आणि इंग्लंडमध्ये वाढलेला मँटोव्हानी १९५१ मध्ये 'शार्मेन' या धुनेमुळे जगभर पोचला. त्या तबकडीवरची व्हायोलिनं एखाद्या मोठ्या देवळाच्या गाभाऱ्यात घुमल्यासारखी वाटतात. अनेकांना वाटायचं, यंत्राने केलेली करामत असेल. पण ती करामत कागदावर केलेली होती, आणि ती रोनाल्ड बिंज याची होती. बिंज मूळचा सिनेमागृहात ऑर्गन वाजवणारा. जुन्या चर्चमध्ये आवाज कसा घुमतो, तो परिणाम त्याने नोटेशनमध्येच लिहून काढला.

कसा, ते वर्गात करून पाहता येतं. साहित्य काहीच लागत नाही.

१. मुलांचे चार गट करा.
२. आधी सगळ्यांनी मिळून सा, रे, ग, म हळू म्हणा. ही साधी चाल.
३. आता पहिल्या गटाने फक्त 'सा' लावायचा आणि धरून ठेवायचा.
४. तो चालू असतानाच दुसऱ्या गटाने 'रे' लावून धरायचा, मग तिसऱ्याने 'ग', चौथ्याने 'म'.
५. आपल्या पुढच्या सुराची पाळी येईपर्यंत कुणीही आपला सूर सोडायचा नाही.

चाल तीच राहते, पण प्रत्येक सुराची शेपटी पुढच्या सुरात मिसळते आणि खोली मोठी झाल्यासारखी वाटते. बिंजने व्हायोलिनचे गट पाडून हेच केलं. गणितातली विभागणी आणि विज्ञानातला प्रतिध्वनी एकाच खेळात शिकवून होतात. आमच्या तिसरीच्या मुलांनी याला 'सुरांची रांग' असं नाव दिलं आहे.

बिंजची 'सेलिंग बाय' ही धून बीबीसीवर रात्री उशिरा जहाजांसाठीच्या हवामान वृत्ताआधी अनेक दशकं वाजत आली आहे. समुद्रावरच्या नावाड्यांना रेडिओ लावताना योग्य स्टेशन मिळालं हे त्या धुनेवरून कळतं. धुनेचा असाही उपयोग!

टाइपरायटर, घड्याळ आणि सॅंडपेपर

अमेरिकेत हे काम बोस्टन पॉप्स या १८८५ पासूनच्या वाद्यवृंदाने केलं. त्याच्यासाठी लिहिणारा लिरॉय अँडरसन (१९०८–१९७५) हा प्राथमिक शिक्षकांसाठी खजिना आहे. तो भाषांचा जाणकार होता, महायुद्धात सैन्यातर्फे आइसलँडमध्ये दुभाषा म्हणून गेला होता. त्याच्या रचनांची नावंच पाहा : 'सिंकोपेटेड क्लॉक' (१९४५), 'स्ले राइड' (१९४८), 'वॉल्ट्झिंग कॅट' आणि 'टाइपरायटर' (दोन्ही १९५०), 'सॅंडपेपर बॅले' (१९५४). शेवटच्या रचनेत वादक खरोखर सॅंडपेपर घासतात.

'टाइपरायटर'मध्ये वाद्यवृंदासमोर खरा टाइपरायटर ठेवतात. कळांची टकटक, ओळ संपल्याची घंटी आणि गाडा मागे सरकवल्याचा आवाज हे सगळं तालात. भरभर टाइप करताना कळा एकमेकींत अडकू नयेत म्हणून त्याच्या दोनच कळा चालू ठेवलेल्या असत. आणि ते काम टायपिस्टला नाही, ताल वाजवणाऱ्या वादकाला देत.

मी ही धून वर्गात काहीही न सांगता लावली. 'हा आवाज कशाचा?' या प्रश्नाला आलेली उत्तरं : शिवणयंत्र, पावसाचे थेंब पत्र्यावर, मोबाईलवर मेसेज टाइप करणं, घोडा. खऱ्या यंत्राचं नाव एकालाही आलं नाही, कारण एकानेही ते पाहिलेलं नव्हतं. मग तहसील कचेरीबाहेर अर्ज टाइप करून देणाऱ्या काकांची गोष्ट निघाली, घरी आजोबांना विचारायचं ठरलं. १९५० मध्ये जो रोजचा आवाज होता, तो आज या तबकडीमुळेच मुलांपर्यंत पोचला. वस्तू गेली, पण तिचा आवाज संगीतात राहिला.

आणि मग हे संगीत जवळजवळ हरवलं

१९६० नंतर आवड बदलली. गिटारचे बँड आले. १९६७ मध्ये 'म्युझिक व्हाइल यू वर्क' बंद झाला आणि त्याच वर्षी बीबीसीचं 'लाइट प्रोग्रॅम' हे केंद्रही नव्या रचनेत विसर्जित झालं. अनेक वाद्यवृंद मोडले.

हरवणं दोन प्रकारचं होतं.

पहिलं, कागदाचं. वाद्यवृंदातल्या प्रत्येक वादकापुढे त्याच्या वाद्याचं वेगळं नोटेशन असतं. एका रचनेचे असे वीस-तीस कागद. वाद्यवृंद मोडला की या गठ्ठ्यांना जागा कोण देणार? १९८४ मध्ये संगीतकार अर्नेस्ट टॉमलिन्सन (१९२४–२०१५) यांना कळलं की बीबीसी आपला लाइट म्युझिकच्या नोटेशनचा साठा काढून टाकत आहे. त्यांनी तो मिळवला आणि लँकेशायरमधल्या आपल्या शेतघराच्या मोठ्या कोठारात ठेवला. त्यातून लाइट म्युझिकचं ग्रंथालय उभं राहिलं, जिथून वाद्यवृंदांना पुन्हा ते कागद मिळू लागले. गवत आणि धान्य ठेवायच्या जागी हजारो रचना जगल्या! एका माणसाने वेळेवर 'थांबा' म्हटलं म्हणून.

दुसरं, आवाजाचं. चॅपेल या प्रकाशन कंपनीने १९४० च्या दशकात रेडिओ, वार्तापट आणि सिनेमांना पुरवण्यासाठी शेकडो रचना ध्वनिमुद्रित केल्या. चार्ल्स विल्यम्स, सिडनी टॉर्च, रॉबर्ट फार्नन असे उत्तम संगीतकार त्यात होते. पण या तबकड्या दुकानात विकायला नव्हत्याच. लोकांनी धून रोज ऐकली, पण ती विकत घेण्याची सोय नव्हती. मग त्या जपल्या कुणी? हौशी संग्राहकांनी. फार्ननच्या चाहत्यांनी १९५६ मध्ये स्थापलेलं मंडळ २०१३ पर्यंत चाललं. त्याच मंडळातले डेव्हिड एड्स यांनी २००४ पासून गिल्ड कंपनीतर्फे 'लाइट म्युझिकचं सुवर्णयुग' या अर्थाच्या नावाने जुन्या तबकड्यांच्या सीडी काढल्या. त्यांची संख्या शंभराच्या वर गेली.

एक सीडी काढायची तर आधी त्या धुनेची सर्वांत कमी झिजलेली प्रत शोधायची, योग्य जाडीची सुई निवडायची, तबकडीचा वेग तपासायचा, मग संगणकावर खरखर कमी करायची. ती खूप कमी केली तर व्हायोलिनचा आवाजही मरतो, म्हणून हात राखून. त्या काळी ब्रिटनमध्ये ध्वनिमुद्रणावरचा हक्क ५० वर्षांनी संपायचा, म्हणून हे शक्य झालं. २०१३ मध्ये ती मुदत ७० वर्षांची झाली.

आता नीट पाहा. कागद असेल तर धून पुन्हा वाजवता येते, पण त्या काळचे वादक कसे वाजवत होते ते कळत नाही. तबकडी असेल तर ते वाजवणं ऐकू येतं, पण प्रत्येक वाद्याने काय वाजवलं ते सहज उतरवता येत नाही. पूर्ण वारसा हवा तर दोन्ही हवेत. शाळेच्या स्नेहसंमेलनाचा नुसता व्हिडिओ असतो आणि नाटुकल्याची संहिता हरवते, तेव्हा आपल्यालाही हाच अनुभव येतो.

आपल्याकडचे सख्खे शेजारी

आपल्याकडे अशी वाद्यवृंदाची परंपरा वेगळ्या वाटेने आली. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना व्हायोलिन आणि पाश्चात्त्य नोटेशन शिकवत. ती मुलं मोठी होऊन मुंबईच्या हॉटेलांत, नाचाच्या बँडमध्ये आणि मग सिनेमाच्या वाद्यवृंदात आली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतले एक. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले, आणि 'अमर अकबर अँथनी'मधल्या (१९७७) त्या प्रसिद्ध गाण्यात आपल्या गुरूचं नाव अमर झालं. पण त्यांच्याबरोबर बसणाऱ्या बहुतेक वादकांची नावं तबकडीच्या वेष्टनावर कधी आलीच नाहीत.

आकाशवाणीची पहाटेची ओळखधून आठवते का? ती वॉल्टर कौफमान यांची मानली जाते. ते नाझी राजवटीच्या सावलीतून निघून १९३४ मध्ये मुंबईत आले आणि इथल्या रेडिओ केंद्रात काम करत होते. आणि रेडिओवर कार्यक्रम दोन मिनिटं आधी संपला की वाजणाऱ्या सिनेगीतांच्या धुना? इनॉक डॅनियल्स यांचं अ‍ॅकॉर्डियन, व्हॅन शिप्ले यांची गिटार, व्ही. बलसारा यांची वाद्यं. मोकळी जागा भरायला लावलेलं ते संगीत तुमच्या-माझ्या घरातल्या मोठ्यांना आजही तोंडपाठ आहे.

वर्गात आणि घरी काय करता येईल?

१. डोळे मिटून तीन मिनिटं : आठवड्यातून एकदा, परिपाठानंतर एकच धून. स्क्रीन बंद. चित्र दिसलं की ऐकणं थांबतं, हा माझा अनुभव आहे.

२. आधी चित्र, मग नाव : धून ऐकून मुलांनी मनात आलेलं चित्र काढायचं. रचनेचं नाव शेवटी सांगायचं. चूक-बरोबर काही नाही.

३. वाद्य ओळखा : पहिली-दुसरीसाठी फक्त 'तारेचं, फुंकीचं, आपटायचं' एवढे तीन गट पुरेत.

४. आपला टाइपरायटर : वर्गातले आवाज घेऊन ताल बनवा. डस्टर, कंपासपेटी, पाण्याची बाटली, वहीचं पान. एका मुलाने घंटी सांभाळायची.

५. कामाचं संगीत : वर्गाची स्वच्छता करताना एक धून लावा, मग मुलांनाच नियम बनवू द्या. कोणत्या धुनेने काम भरभर झालं, कोणत्या धुनेने झाडू खाली ठेवून नाच सुरू झाला?

६. ऐकण्याची वही : मुलांनी घरी आजी-आजोबांना विचारायचं, 'तुमच्या लहानपणी रोज कानावर पडणारी, पण नाव माहीत नसलेली धून कोणती?' आजी गुणगुणेल, आई-बाबांनी मोबाईलवर ते ध्वनिमुद्रित करायचं. वहीत तारीख, कोणी गायलं, कुठे ऐकलं होतं एवढं लिहायचं.

पालकांना सहाव्या उपक्रमाबद्दल खास विनंती. ध्वनिमुद्रण केलं की त्या फाइलला नाव द्या. नाव नसलेली फाइल आणि वेष्टन हरवलेली तबकडी यांत काही फरक नाही, दोन्ही पुढच्या माणसाला मुक्याच. आणि ती फाइल एकाच मोबाईलमध्ये ठेवू नका. मोबाईल बिघडला की आजीचा आवाजही जातो.

टॉमलिन्सन यांच्याकडे कोठार होतं, आपल्याकडे वर्गातलं कपाट आहे. त्यात एक वही आणि एक पेनड्राइव्ह सहज मावतो. या सत्रात सुरुवात करून पाहा, आणि तुमच्या मुलांना धून ऐकून काय काय दिसलं ते आम्हालाही नक्की कळवा.